शिल्लक पाहून चंद्रावर

मी बँकेत कारकून आहे. ही तक्रार नव्हे, नुसती ओळख करून दिली. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे विज्ञानाशी माझा संबंध फ्यूज बदलण्यापुरता. तोही मी बदलला की शेजाऱ्यांचे दिवे जातात, असा आमच्या सोसायटीत प्रवाद आहे. तेव्हा मी अंतराळावर लिहिणं म्हणजे आमच्या साहेबांनी काउंटरवर बसून पासबुकं भरून देण्याइतकंच अघटित. पण प्रसंगच तसा आला.

आमचे चिरंजीव अकरावी सायन्सला आहेत. एका रात्री दीडच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो, तर त्यांच्या खोलीत उजेड. म्हटलं, पोरगं अभ्यास करतंय. बाप झाला तरी माणूस भाबडा तो भाबडाच राहतो. दार ढकललं, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक भलाथोरला अग्निबाण उभा. आकडे उलटे मोजून झाले, धूर निघाला आणि यान वर जाण्याऐवजी त्याची हवाई छत्रीच तेवढी उघडली. छत्री एकीकडे, यान दुसरीकडे, आणि मध्ये आगीचा लोळ. चिरंजीव खो-खो हसले आणि शेजारच्या वहीत काहीतरी लिहू लागले.

"कितवं हे?" मी विचारलं.

"त्रेचाळिसावं," ते अभिमानानं म्हणाले.

एरवी मी तिथेच तोंडसुख घेतलं असतं. पण त्याच सकाळी हिला त्यांच्या दप्तरात फिजिक्सचा पेपर सापडला होता. पंचवीसपैकी नऊ. पेपरची आठ वेळा घडी घातलेली, आणि तारीख चार दिवसांपूर्वीची. "आपण होऊन सांगतो का पाहू," असं म्हणून हिनं तो होता तसा परत ठेवला होता. मी विचारात पडलो. त्रेचाळीस यानं जाळून हसणारा हा मुलगा एक पेपर आठ घड्यांत का लपवतो? आणि ज्या खेळात माणूस इतका वेळ नुसता आपटतच असतो, त्यात मजा ती कसली?

बँकेतल्या माणसाला शंका आली की तो जुनी व्हाउचरं उपसतो. मीही उपसली.

पहिलं व्हाउचर १९६९ सालचं निघालं. त्या वर्षी जुलैत माणूस चंद्रावर उतरला. उतरायची जागा खडकाळ निघाली, म्हणून आर्मस्ट्राँगनं यान स्वतःच्या हातात घेतलं, आणि ते टेकलं तेव्हा टाकीत एक मिनिटाचंही इंधन धड उरलं नव्हतं. पुढे दोन-तीन महिन्यांतच अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टन गावी जिम स्टोरर नावाच्या शाळकरी मुलानं शाळेच्या कॉम्प्युटरवर या प्रसंगाचा खेळ रचला. त्याला पडदा नव्हता, चित्र नव्हतं. टेलिप्रिंटरवर आकडे छापून येत, आणि आपण उत्तरादाखल एक आकडा टंकायचा, बस्स. चंद्र १२० मैल खाली, वेग तासाला ३६०० मैल, टाकीत १६००० पौंड इंधन. दर दहा सेकंदांनी सांगायचं, किती जाळू? सेकंदाला ८ ते २०० पौंड, किंवा शून्य. आधीच भसाभस जाळलंत तर पुढे टाकी रिकामी आणि यान धोंड्यासारखं खाली. फार राखून ठेवलंत तर इंधन शिल्लक राहतं, पण तुम्ही राहत नाही.

हे वाचून मी एकदम सरसावून बसलो. अहो, हा चंद्र कसला? हा तर महिना! एक तारखेला टाकी भरलेली, आणि तीस तारखेला अलगद टेकायचं. आम्ही गेली वीस वर्षं दर महिन्याला उतरतोय, आणि पंचवीस तारखेच्या पुढे एकदाही इंजिन चालू राहिलेलं नाही. तरी लोक हा खेळ हौसेनं खेळत. खेळाचा मजकूर पुस्तकांतून छापला गेला, हजारोंनी तो टंकून घेतला, आणि १९७९ मध्ये अटारी कंपनीनं नाणं टाकून खेळायचं त्याचं यंत्रही काढलं.

पण मला खरा आनंद पुढच्या तपशिलानं झाला. २०२४ मध्ये, म्हणजे तब्बल ५५ वर्षांनी, एका चिकित्सक गृहस्थाला स्टोररच्या हिशेबात एक चूक सापडली. एका सूत्रात २ ने भागायचं राहून गेलं होतं! पंचावन्न वर्षांनी ऑडिट ऑब्जेक्शन! स्टोरर तोवर कॉम्प्युटर शास्त्राचे प्राध्यापक म्हणून नावारूपाला आले होते. त्यांच्याकडे कुणी खुलासा मागितला नाही. उलट शाळकरी पोरानं एवढी अवघड आकडेमोड केलीच कशी, याचं कौतुक झालं. आमच्याकडे असतं तर पेन्शन रोखलं असतं.

अर्थात त्या खेळात यान तयार मिळे. स्वतः बांधायची गोडी वेगळी. त्याचं व्हाउचर १९८४ चं. विल राइट नावाच्या अमेरिकन गृहस्थानं बेटांवर हेलिकॉप्टरनं बाँब टाकायचा खेळ केला. करताना त्याच्या लक्षात आलं, की बेटं उडवण्यापेक्षा त्यांवर रस्ते आणि कारखाने मांडण्यातच आपल्याला जास्त मजा येतेय. मग त्यानं नगर वसवायचाच खेळ केला. प्रकाशक म्हणाले, "यात जिंकायचं कधी आणि हरायचं कधी?" खेळ काही वर्षं पडून राहिला. शेवटी १९८९ मध्ये 'सिमसिटी' या नावानं बाहेर आला आणि तुफान खपला. प्रकाशकांची शंका बरोबर होती, पण जिंकणं-हरणं नाही हेच लोकांना हवं होतं. ज्या माणसाला स्वतःच्या घरातली भिंत हलवायला सोसायटीच्या तीन सभा लागतात, त्याला गावभर वाटेल तिथे रस्ते ओढायला मिळाले, तर तो कशाला झोपतोय?

चिरंजीवांच्या खेळाचं नाव 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'. याची जन्मकथा तर आपल्या दिवाळीतली वाटावी. फेलिपे फालांगे नावाचा ब्राझीलचा मुलगा आतषबाजीच्या बाणांना चांदीच्या कागदाची बाहुली बांधून उडवी. त्या बाहुल्यांना त्यानं नाव ठेवलं होतं 'कर्बल'. (आम्ही बाटलीत बाण लावला, तो समोरच्या वाळवणावर पडला आणि आमचा अंतराळ कार्यक्रम वडिलांनी तिथेच गुंडाळला. नाहीतर कुणास ठाऊक!) पुढे फालांगे मेक्सिको सिटीत स्क्वाड नावाच्या कंपनीत लागला. कंपनीचा धंदा जाहिरातींचा. याच्या डोक्यात मात्र अग्निबाण. खेळ करायचा म्हणून तो राजीनामा द्यायला निघाला, तर मालक म्हणाले, "हातातलं काम संपव आणि इथेच कर." ही ओळ मी आमच्या साहेबांना मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवली. ते म्हणाले, "हातातलं काम संपव." पुढचं वाक्य त्यांनी ऐकलंच नाही.

जून २०११ मध्ये खेळ लोकांपुढे आला, आणि एप्रिल २०१५ मध्ये पुरा झाला. मधल्या काळात, २०१४ मध्ये, खुद्द नासाच्या सहकार्यानं त्यात लघुग्रह पकडण्याची मोहीम आली. खेळातली पृथ्वी लहानशी आहे. आपल्या पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर, त्यांच्या 'कर्बिन'ची ६००. माणसं हिरवी आणि डोक्यानं मोठी. त्यांतला जेबेडाया नावाचा गडी तर यान पेटलं तरी दात काढून हसत असतो. बाकी नियम मात्र न्यूटनच्या वेळचे, त्यांत सवलत नाही.

नियम ऐकून माझी वाणिज्य शाखा जागी झाली. इंधन वर न्यायचं तर ते उचलायला आणखी इंधन लागतं, आणि ते उचलायला आणखी. म्हणजे हप्ता भरण्यासाठी काढलेलं कर्ज! रशियातले एक शाळामास्तर, त्सिओल्कोव्हस्की, यांनी याचं समीकरण १९०३ मध्येच छापून ठेवलं आहे. चंद्रावर गेलेलं सॅटर्न रॉकेट जमिनीवरून निघालं तेव्हा सुमारे २९०० टनांचं होतं. समुद्रात परत उतरली ती पाचेक टनांची कुपी. मुद्दल आणि हातात पडणारी रक्कम यांत एवढी तफावत मी प्रॉव्हिडंट फंडातसुद्धा पाहिलेली नाही.

दुसरी गंमत अशी, की वर जायचं म्हणजे वर जायचंच नसतं. सरळ वर गेलेलं यान सरळ खाली येतं. त्याला हळूहळू आडवं करत इतक्या वेगानं पळवायचं, की ते पडतच राहील पण जमीन चुकवील. कर्बिनभोवती हा वेग सेकंदाला सव्वादोन किलोमीटरच्या आसपास, आपल्या पृथ्वीजवळ पावणेआठच्या. आणि पुढे चाललेल्या यानाला गाठायचं असेल तर म्हणे वेग कमी करायचा! मग आपण खालच्या कक्षेत येतो, फेरा लहान होतो आणि आपोआप पुढे निघतो. आमच्या बँकेत काही लोक हे शास्त्र न शिकताच पुढे गेले आहेत.

हा सगळा पोरखेळ आहे असं वाटेल, तर २०१९ सालची ७ सप्टेंबरची ती रात्र आठवा. चांद्रयान-२ उतरायचं म्हणून आम्ही सगळे टीव्हीपुढे जागे होतो. चंद्र २.१ किलोमीटरवर राहिला आणि विक्रमचा संपर्क तुटला. चिरंजीव तेव्हा लहान होते. त्यांनी विचारलं, "आता त्यांना रागावणार का हो?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा "झोप आता." पुढे चूक कुठे झाली ते शोधून यानाचे पाय बळकट केले, इंधन वाढवलं, उतरायची जागा मोठी धरली, आणि २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ अलगद टेकलं.

त्या प्रश्नापाशी मी अडलो, कारण त्याचं उत्तर मला चांगलं ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१६, नोटबंदीचे दिवस. रांग रस्त्यापर्यंत, नव्या नोटा एकमेकींना चिकटलेल्या. संध्याकाळी कॅश लावली तर चार हजार कमी. दोन नोटा कुणाला तरी जादा गेल्या. पैसे मी खिशातून भरले, त्याचं काही नाही. पण वर खुलासा मागणारं पत्र आलं. चूक कशी झाली हे कुणाला नकोच होतं, कुणी केली एवढंच हवं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक बंडल तीनदा मोजतो. आणि प्रमोशनचा अर्ज दर वर्षी घरी आणतो आणि दर वर्षी रद्दीत घालतो.

लोक हे खेळ का खेळतात, याचं माझं उत्तर एवढंच आहे. तिथे यान पडतं, पण पाडणाऱ्याला कुणी बोलावून घेत नाही. ते का पडलं, याचा मात्र चोख हिशेब मिळतो. इंधन कमी, वजन जास्त, छत्री अवेळी. दुरुस्त करा, पुन्हा उभं करा. असा साहेब पृथ्वीवर कुणाला भेटलाय?

दुसऱ्या रात्री मी चिरंजीवांच्या शेजारी खुर्ची ओढली. माझं पहिलं यान जागच्या जागी आडवं झालं. दुसऱ्याचं वरचं इंजिन आधी पेटलं. "बाबा, टप्प्यांचा क्रम बघा ना!" चिरंजीव हसून लोळायचे बाकी होते. हसू ओसरल्यावर मी विचारलं, "त्या वहीत काय लिहितोस रे?" त्यानं दाखवली. यान क्रमांक, काय झालं, काय बदलायचं. आमच्या शाखेतही इतकं नेटकं रजिस्टर नाही.

"एखादं पान फिजिक्सच्या पेपरलाही ठेव की," मी पडद्याकडेच बघत म्हटलं.

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग उठून त्यानं दप्तरातून ती आठ घड्यांची पुडी आणली. आम्ही दोघांनी ती दिव्याखाली उलगडली. एका गणितात एकक चुकलं होतं, दोन वाचलीच नव्हती. आणि गतिज ऊर्जेच्या गणितात, विश्वास ठेवा, २ ने भागायचं राहून गेलं होतं.

"अरे, हीच चूक एका मोठ्या प्राध्यापकाची सापडायला पंचावन्न वर्षं लागली," मी म्हणालो. "तुझी पाच दिवसांत सापडली."

त्यानं वहीत नवं पान उघडलं आणि वर लिहिलं, 'यान क्रमांक ४४'. मी पेपरवर सही केली. नंतर ही म्हणाली, "रागावला नाहीत?" मी म्हटलं, "रजिस्टरमध्ये तो रकानाच नाही."

प्रमोशनचा अर्ज या वर्षीही घरी आणला आहे. अजून भरलेला नाही, पण रद्दीतही गेलेला नाही. मी चंद्रावर मात्र उतरलो. एकोणतिसाव्या यानात, अंमळ तिरपा, पण सगळे पाय शाबूत. घोटाळा एवढाच, की परतीच्या इंधनाची तरतूद करायची राहिली. जेबेडाया तिथेच बसून दात काढतोय. चिरंजीव म्हणतात, दुसरं यान पाठवून त्याला आणता येईल. तूर्त मी ते प्रकरण 'विचाराधीन' ठेवलं आहे.