गिरणीच्या दारात मुलांचे दात बघायचे, हात नाही!

मोबाईल धरलेल्या हाताची पकड जरा आवळा बघू. किती जोर लागला? हा जोर किलोत मोजता येतो. त्या यंत्राला म्हणतात डायनामोमीटर. आजची गोष्ट त्या यंत्राची आणि आपल्या सोलापूरची.

1798 मध्ये फ्रान्समधल्या एदमे रेनिए यांनी स्प्रिंगचं एक यंत्र लोकांपुढे आणलं. मुठीत धरून दाबलं की काटा आकडा दाखवायचा. 1835 मध्ये बेल्जियमच्या केतले यांनी वयाप्रमाणे मुलांची ताकद कशी वाढते, ते पुस्तकात मांडलं. म्हणजे 1870 च्या दशकात सोलापुरात जुनी गिरणी उभी राहिली, तेव्हा मुलांच्या हाताचा जोर मोजायची सोय जगात होती.

पण गिरणीच्या दारात प्रश्न वेगळाच होता: पोराचं वय किती?

1881 च्या कारखाना कायद्यानं 7 वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली. 7 ते 12 वर्षांच्या मुलांना दिवसाला 9 तास काम! 1891 मध्ये किमान वय 9 झालं, आणि 14 वर्षांपर्यंत कामाचे तास 7. आता त्या काळी जन्मदाखला कुणाच्या घरी असणार? मग डॉक्टर दात बघणार, उंची-अंगलट बघणार आणि वय ठरवणार. ज्या बोटांनी दिवसभर तुटलेलं सूत जोडायचं, भरलेल्या बॉबिन बदलायच्या, त्या बोटांचा हिशेब त्यात कुठेच नाही.

1922 मध्ये किमान वय 12 झालं, 1948 मध्ये 14. त्या 1948 च्या कायद्यात 18 वर्षांखालच्या कामगाराला डॉक्टरचा दाखला लागायचा. तरी विचारायचं काय, तर हा कामाला चालेल का? हा हात नीट वाढतोय का, हे विचारणं कारखान्याचं कामच नव्हतं.

तो प्रश्न नंतर दवाखान्यांनी आणि संशोधकांनी विचारला. 1954 पासून जामार नावाचं यंत्र आलं. खुर्चीत ताठ बसायचं, कोपर काटकोनात, प्रत्येक हातानं तीनदा दाबायचं आणि सरासरी काढायची. लहान हातासाठी मूठ जवळ सरकवता येते. नाहीतर पोर कमजोर नसतं, यंत्रच त्याच्या हाताला मोठं असतं! साधारण बाराव्या वर्षापर्यंत मुला-मुलींच्या पकडीत फार फरक नसतो. पुढे मुलगे झपाट्यानं पुढे जातात. म्हणून आकडा वाचताना वय बघायचं, आणि मुलगा की मुलगी तेही.

म्हैसूरमध्ये 9 वर्षांच्या मुलांची पकड मोजली, तेव्हा दिसलं की जन्मावेळी वजन जास्त असलेल्या मुलांची पकडही जास्त होती. म्हणजे मुठीतल्या जोराची सुरुवात आईच्या पोटातच होते.

मला यातली एक गोष्ट खटकते. यंत्र गिरणीच्या आधीपासून होतं. पण आपण पोरांच्या हातातून काम किती निघेल, हेच आधी मोजलं. त्या हातात बळ किती आहे, हे विचारायला फार उशीर झाला.

भेटू पुढच्या भागात!