नगरचा प्रवासी आणि दौंडचे वळण

पुण्याला विमान पकडायचे असेल तर एस.टी.ने जावे की आगगाडीने, हा प्रश्न नगर जिल्ह्यातल्या घराघरांत आता नित्याचा झाला आहे. मुलगी शिकायला परदेशी निघते, मुलगा सुट्टी संपवून परत नोकरीवर जातो, आणि आदल्या रात्री वडीलधारी मंडळी बॅगांभोवती बसून याचा खल करतात. वरवर पाहता हा वेळापत्रकाचा प्रश्न आहे. आम्हांला मात्र तो इतिहासाचा वाटतो. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. जुन्या घटनांविषयी लिहायचे असल्याने बोलण्यातले ‘नगर’ आम्ही इथे कायम ठेवले आहे.)

दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. मुंबईहून निघणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या दोन शाखा त्यापूर्वीच घाट ओलांडून गेल्या होत्या. एक मनमाडवरून भुसावळकडे जाई, दुसरी पुणे–दौंडवरून सोलापूर–रायचूरकडे. उत्तरेचा माल दक्षिणेला न्यायचा तर तो घाट उतरून पुन्हा घाट चढवावा लागे. या दोन शाखांना घाटमाथ्यावरच सांधणारा दुवा म्हणजे हा मार्ग. १८७६–७८ च्या दुष्काळात त्याचे मातीकाम दुष्काळी काम म्हणूनही चालले. म्हणजे नगरच्या मातीवर, नगरच्या भुकेल्या हातांनी मार्ग झाला. पण नगरकराला पुण्यास पोहोचवणे हा त्याचा हेतू नव्हता.

याचा पुरावा कागदपत्रांत शोधण्याची गरज नाही, तो दौंडच्या रुळांतच आहे. मनमाडकडून येणारी गाडी दौंड स्थानकात अशा दिशेने शिरते की तिचे तोंड सोलापूरकडे असते. कर्नाटक एक्सप्रेस नगरला थांबते आणि दौंडहून तशीच पुढे दक्षिणेला जाते. तिला पुण्याशी कर्तव्य नाही. झेलम एक्सप्रेससारख्या पुण्याला जाणाऱ्या गाडीचे इंजिन मात्र दौंडला एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. प्रवासी फलाटावर चहा घेत थांबत आणि आतापर्यंत पुढे असलेला डबा मागे जाई. दौंड टाळून जाणारी कॉर्ड लाइन आणि तिच्यावरचे स्थानक झाले ते अगदी अलीकडे. आखणी करणाऱ्यांनी पुण्याकडे जी पाठ फिरवली होती, ती सरळ करायला जवळजवळ दीड शतक गेले.

अंतराचा हिशेबही हेच सांगतो. नगरहून पुणे रस्त्याने सुमारे १२० किलोमीटर, आणि अकोळनेर, सारोळा, विसापूर, बेलवंडी असे करत दौंडवरून लोहमार्गाने सुमारे १६०. त्रिकोणाच्या एका बाजूने मोटार जाते, उरलेल्या दोन बाजूंनी आगगाडी.

साहित्याच्या अभ्यासकांना या दोन वाटांची एक जोडी परिचित असेल, फक्त ती कोणी नकाशावर मांडलेली नसते. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत पकडलेल्या नेत्यांना एकाच खास गाडीने आणले गेले. गांधीजींना चिंचवडला उतरवून मोटारीने आगाखान पॅलेसमध्ये नेले. काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य त्याच गाडीने पुणे ओलांडून दौंडवरून नगरला आले आणि किल्ल्यात बंदिस्त झाले. आगाखान पॅलेस उभा आहे तो पुण्याच्या नगररस्त्यावरच. तो रस्ता सरळ नगरला येतो. कैदी मात्र लांबच्या वाटेने आले. नेहरूंचे ‘भारताचा शोध’ आणि आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे लिहिली गेली ती या वाटेच्या शेवटी.

रस्त्याची कथा निराळी. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली मोटार धावली ती पुणे–नगर याच मार्गावर. बेडफर्डची, लाकडी बांधणीची, तीस आसनांची गाडी. लक्ष्मण केवटे तिचे वाहक. शिरूर, सुपे अशा वाटेवरच्या गावांत लोकांनी तिचे स्वागत केले, ही हकीकत एस.टी.च्या प्रत्येक वर्धापनदिनी सांगितली जाते आणि ती सांगितली जावीच. रेल्वे शिरूरला कधी आली नाही, सुप्यालाही नाही. ज्या गावांना लोहमार्गाने वगळले त्यांच्यासाठी ही मोटार आली होती.

लोहगावचा विमानतळ याच रस्त्याच्या बाजूला असणे हा योगायोग नगरकरांच्या पथ्यावर पडला. एस.टी.ने येणारा वाघोली–खराडीच्या सुमारास, शहरात शिरण्यापूर्वीच उतरतो. आगगाडीने येणारा पुणे स्थानकापर्यंत जातो आणि तिथून रिक्षाने, आलेल्या दिशेलाच थोडा मागे वळतो. मग आगगाडीच्या बाजूने बोलायला काय उरते? रांजणगाव, शिक्रापूर आणि वाघोलीची कोंडी. औद्योगिक वसाहती वाढल्या तसा हा सरळ रस्ता वेळेच्या दृष्टीने सरळ राहिला नाही. २०२१–२२ च्या दीर्घ संपात तर एस.टी.च बंद होती; तेव्हा अनेकांना दौंडचे वळण आठवले. पण उत्तरेकडून हजारभर किलोमीटर धावत येणाऱ्या गाडीच्या भरवशावर विमान सोडायला आम्ही कोणालाही सांगणार नाही. विमान सकाळचे असेल तर आदल्या संध्याकाळची एस.टी. आणि पुण्यात नातलगाकडे मुक्काम, हाच जुना तोडगा आम्हांला अजून शहाणपणाचा वाटतो.

जिल्ह्याला स्वतःचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी मिळाला, कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे. त्याचे नाव शिर्डी, आणि त्याची उड्डाणे साईभक्तांच्या सोयीने आखलेली. जामखेडच्या किंवा श्रीगोंद्याच्या माणसाला तो पुण्याहून फारसा जवळचा नाही. इथेही जिल्ह्याची जमीन आहे, प्रवासी बाहेरचा आहे. १८७८ ची आठवण होते ती त्यामुळे.

आता पुरंदर तालुक्यात नवा विमानतळ प्रस्तावित आहे. तो पारगाव, वनपुरी, कुंभारवळण या गावांच्या परिसरात झाला, तर नगररस्त्यावर मध्येच उतरून पोहोचण्याची सोय उरणार नाही. दौंड–पुणे लोहमार्ग मात्र त्या गावांच्या उत्तरेला, उरुळी कांचनवरून जातो. तेव्हा बॅगांभोवती बसलेली मंडळी पहिला प्रश्न विचारतील तो हा, की नगरहून येणारी कोणती गाडी उरुळीला थांबते.