घरगुती पाळणाघर : स्थानिक भगिनींचे प्रशिक्षण व व्यवसाय

घरगुती पाळणाघर म्हणजे एखाद्या स्त्रीने आपल्या राहत्या घरी, ठरावीक मोबदला घेऊन, कामावर जाणाऱ्या मातांच्या लहान मुलांचा दिवसभर सांभाळ करणे. शहरांत ही सोय परिचित आहे. खेड्यांत मात्र ती बहुधा 'जरा पोराकडं बघ गं' या शेजारधर्मावर चालते. शेजारधर्म मोलाचाच, परंतु ज्या कामाला प्रशिक्षण नाही, नोंद नाही व मोबदला नाही, त्यात मुलाच्या सुरक्षिततेची हमी नसते आणि सांभाळणारीचे श्रम कोणाच्याही हिशेबात येत नाहीत.

बिद्री परिसराची गरज

कागल तालुक्यातील बिद्री हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित आहे. ऊस व दूध यांवर येथील अनेक संसार उभे आहेत. भांगलणीला जाणाऱ्या मातेपुढे दोनच मार्ग उरतात : तान्ह्याला बांधावर झोळीत ठेवणे, किंवा थोरल्या मुलीवर सोपवणे. धाकट्यासाठी थोरलीची शाळा बुडते, हा या प्रश्नाचा सर्वांत दुःखद भाग होय. गळीत हंगामात ऊसतोडणीसाठी येणाऱ्या कुटुंबांची बालके तर फडातच वाढतात.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली व अंगणवाडी गावोगाव पोहोचली. परंतु तेथील पूर्वप्राथमिक शिक्षण ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी व काही तासांचेच असते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ३० हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांवर, तर २०१७ च्या प्रसूतिलाभ दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन घातले. शेतमजूर मातेला मात्र या कायद्यांचा आधार मिळाला नाही.

पूर्वपीठिका

पॅरिसमध्ये १८४४ साली फर्मिन मार्बो या कॅथोलिक गृहस्थाने मजूर स्त्रियांच्या बालकांसाठी पाळणाघर उघडले व त्याला 'क्रेश' हे नाव दिले. या फ्रेंच शब्दाचा अर्थ गव्हाण. बाळ येशूला जिथे निजवले, त्याच गव्हाणीचे नाव आज जगभरची पाळणाघरे धारण करीत आहेत, हे आपण ख्रिस्ती जनांनी विसरू नये.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी मुलांच्या घराच्या अंगणातच शिक्षण नेले. पुण्यात डॉ. मेधा पुरव-सामंत यांच्या अन्नपूर्णा परिवाराने १९९३ मध्ये भाजीविक्रेत्या स्त्रियांना लहान कर्जे देण्यापासून कार्यारंभ केला. पुढे 'वात्सल्यपूर्णा' या शाखेद्वारे वस्तीतीलच स्त्रियांना प्रशिक्षित करून पाळणाघरे चालविली. बिद्रीसारख्या गावाला हाच मार्ग अनुकरणीय वाटतो.

प्रशिक्षणात काय असावे?

१. आरोग्य : लसीकरणाची नोंद, वजनाचा तक्ता, हात धुण्याची शिस्त, ताप व जुलाबात प्रथमोपचार, जलसंजीवनी तयार करणे.
२. सुरक्षितता : चूल, विहीर, गोठा, कीटकनाशकांचे डबे यांपासून मुले दूर ठेवणे, घशात अडकतील असे शेंगदाणे, मणी, चिंचोके हाताशी न ठेवणे.
३. विकास : गाणी, गोष्टी, मातीकाम, पुरेशी झोप.
४. बालसंरक्षण : २०१२ च्या पॉक्सो कायद्याची माहिती. घरातील इतर व्यक्तींची चौकशी झाल्याविना परवानगी देऊ नये. यात संकोच नको.
५. व्यवहार : हजेरीपट, आईवडिलांशी लेखी ठराव, जमाखर्च.

२०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २५ मुलांसाठी सेविका व मदतनीस, दिवसाला साडेसात तास व महिन्यात २६ दिवस, असे प्रमाण होते. एकट्या भगिनीने घरी पाच-सहाहून अधिक मुले घेऊ नयेत, असे आम्ही सुचवितो.

हिशेबाची अडचण

येथे एक कटू सत्य सांगणे आवश्यक आहे. मजूर मातेची रोजंदारी तुटपुंजी. तिने भरलेल्या शुल्कावर सांभाळणारीचा संसार चालणार नाही. शुल्क वाढवले तर मूल पुन्हा बांधावर जाईल. कमी केले तर एका गरीब स्त्रीच्या श्रमावर दुसरी उभी राहील. दोघींनाही न्याय द्यायचा तर तिसऱ्याने हातभार लावला पाहिजे. तो ग्रामपंचायत, कारखाना, बचत गट वा धर्मग्राम यांपैकी कोणीही असू शकेल. खेळणी, चटया, पाण्याची टाकी असा आरंभीचा खर्च बचत गटाच्या कर्जातून भागविता येतो. दरमहाची तूट मात्र कर्जाने भरू नये.

आपली जबाबदारी

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्सेर्सेन्स' या विश्वपत्रात मातेच्या संगोपनकार्याला समाजाने योग्य मोल द्यावे, असे प्रतिपादन केले आहे. आपल्या धर्मग्रामातील महिला मंडळांनी प्रथम घरोघर जाऊन सहा वर्षांखालील किती मुले दिवसा कोणाच्या हवाली असतात, याची यादी करावी. जातीधर्माचा भेद न करता ती व्हावी. त्यानंतर धर्मभगिनी, परिचारिका व निवृत्त शिक्षिका यांनी प्रशिक्षणाचा भार उचलावा. बेथलेहेमात त्या रात्री उतारशाळेत जागा नव्हती. आपल्या गावातील बाळांना ती मिळते की नाही, हे आपल्या हाती आहे.