तुटपुंजे अनुदान आणि वाढती महागाई : निराधारांच्या हक्काच्या योजनांची माहिती

आपल्या प्रत्येक धर्मग्रामात अशी काही घरे असतात, जिथे महिन्याचा एकमेव भरवशाचा पैसा म्हणजे शासनाचे निराधार अनुदान. कुणी विधवा एकटी राहते, कुणी वृद्ध दांपत्य मुलांविना दिवस काढते, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस असते. अशा कुटुंबांना महागाई वर्तमानपत्रात वाचावी लागत नाही. ती त्यांना वाण्याच्या दुकानात आणि औषधांच्या चिठ्ठीवर भेटते. या लेखात आम्ही महाराष्ट्रातील प्रमुख अनुदान योजना, त्यांची रक्कम, त्यांतील उणिवा आणि त्या मिळविण्याचे मार्ग यांची माहिती एकत्र देत आहोत. ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत ती वाचकांनी पोहोचवावी, हाच यामागील हेतू आहे.

योजना कोणत्या आणि रक्कम किती?

१) संजय गांधी निराधार अनुदान योजना : राज्य शासनाची ही योजना १९८० साली सुरू झाली. पासष्ट वर्षांखालील निराधार विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित स्त्रिया, दिव्यांग, अनाथ मुले, तसेच क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या व्यक्ती तिच्या कक्षेत येतात. मासिक अनुदान दीर्घकाळ ६०० रुपये होते. ते २०१९ साली १००० रुपये व २०२३ साली १५०० रुपये झाले. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते ऑक्टोबर २०२५ पासून २५०० रुपये करण्यात आले.

२) श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना : ही पासष्ट वर्षे व त्यावरील निराधार वृद्धांसाठी आहे. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असलेल्या वृद्धांना केंद्र व राज्य यांचा वाटा मिळून १५०० रुपये मिळतात. यादीत नाव नसलेल्या, परंतु उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या वृद्धांना तेवढीच रक्कम राज्य शासन देते.

३) केंद्र शासनाची निवृत्तिवेतने : राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला. वृद्धांना त्या वेळी दरमहा ७५ रुपये मिळत. २००६ साली ही रक्कम २०० रुपये झाली. २०११ साली वयाची अट साठ वर्षांवर आणण्यात आली व ऐंशी वर्षांवरील वृद्धांसाठी ५०० रुपये ठरले. विधवा व तीव्र दिव्यांगत्व असलेल्यांसाठी केंद्राचा वाटा ३०० रुपये आहे.

४) राष्ट्रीय कुटुंबलाभ योजना : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षे वयाच्या कमावत्या व्यक्तीचे निधन झाल्यास कुटुंबास एकदाच २० हजार रुपये मिळतात. ही योजना फारशी कुणास ठाऊक नसते. दुःखाच्या दिवसांत अर्जाचे भान राहत नाही. म्हणून शेजाऱ्यांनी वा धर्मग्रामातील कार्यकर्त्यांनी त्याची आठवण करून देणे हे सांत्वनाचेच काम आहे.

यांशिवाय २०२४ साली सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २१ ते ६५ वर्षे वयाच्या पात्र स्त्रियांना दरमहा १५०० रुपये मिळतात. ज्या स्त्रीला अन्य शासकीय योजनेतून तेवढी वा अधिक रक्कम मिळते, तिला मात्र हा लाभ मिळत नाही. म्हणजे निराधार अनुदान घेणाऱ्या विधवेच्या हाती दोन रकमा येत नाहीत, एकच येते.

रक्कम तीच, बाजार निराळा

महिन्याला १५०० रुपये म्हणजे दिवसाला ५० रुपये. या पन्नास रुपयांत भाजी, डाळ, तेल, चहा-साखर, साबण, वीज, औषधे आणि तहसील कार्यालयापर्यंतचे भाडे बसवावे लागते.

येथे एक गोष्ट समजून घेणे अगत्याचे आहे. शासकीय सेवकांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा ग्राहक किंमत निर्देशांकानुसार सुधारला जातो. निराधारांच्या अनुदानाला असे कोणतेही कोष्टक जोडलेले नाही. ते वाढते ते अर्थसंकल्पात घोषणा झाली तरच. केंद्राचे २०० रुपये २००६ पासून आहेत तेथेच आहेत. औद्योगिक कामगारांसाठीचा किंमत निर्देशांक त्यानंतर तिपटीहून अधिक वाढला. त्या हिशेबाने २००६ मधील २०० रुपयांची खरेदीशक्ती टिकवायची असती, तर आज ६०० रुपयांहून अधिक द्यावे लागले असते. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनाचेही तसेच. त्याची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये १००० रुपये ठरली आणि पुढे दहा वर्षे उलटली तरी ती बदलली नाही.

दुसरी गोष्ट सरासरीची. महागाईचा जो दर जाहीर होतो तो सर्वसाधारण कुटुंबाचा असतो. २०१२ हे आधारवर्ष धरणाऱ्या निर्देशांकात अन्न व पेये यांचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. निराधार व्यक्तीच्या खर्चात अन्नाचा वाटा याहून पुष्कळ मोठा असतो. त्यामुळे अन्नधान्य महागले की तिची महागाई जाहीर आकड्यापेक्षा अधिक असते. जुलै २०२३ मध्ये देशातील किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्के होता, पण खाद्यपदार्थांची महागाई साडेअकरा टक्क्यांवर गेली होती. टोमॅटोने अनेक शहरांत किलोमागे शंभरी ओलांडली ती याच महिन्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये खाद्यपदार्थांची महागाई पुन्हा जवळपास अकरा टक्के झाली. त्याआधीच्या महिन्यात खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढल्याने तेलाचे भाव चढले होते.

तिसरी गोष्ट इंधनाची. मुंबईत घरगुती गॅस सिलिंडर मार्च २०२३ मध्ये ११०२ रुपये ५० पैशांवर गेला होता. ऑगस्ट २०२३ व मार्च २०२४ मधील कपातींनंतर तो ८०२ रुपये ५० पैसे झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा पन्नास रुपयांनी वाढला. एका सिलिंडरची किंमत ही निराधार व्यक्तीच्या अर्ध्या महिन्याच्या अनुदानाहून अधिक होते. उज्ज्वला योजनेतील जोडणी असल्यास सिलिंडरमागे ३०० रुपयांची सवलत ऑक्टोबर २०२३ मध्ये लागू झाली. परंतु आधी पूर्ण रक्कम भरावी लागते आणि सवलत नंतर खात्यात येते. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे नाहीत, त्याला सवलतीचा उपयोग मर्यादितच.

रेशनचा आधार

अशा स्थितीत खरा आधार शिधापत्रिकेचा आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षे ते तसेच ठेवण्याचा निर्णय झाला.

तथापि ५ किलोंत महिना निघत नाही. २०२२-२३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार माणशी धान्याचा मासिक खप सुमारे ८ ते १० किलो आहे. म्हणजे निम्म्याच्या आसपास धान्य बाजारातून आणावे लागते. एकट्या राहणाऱ्या विधवेला किंवा वृद्धाला अंत्योदय शिधापत्रिका मिळाली तर हा प्रश्न पूर्णपणे सुटतो. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २ मे २००३ रोजी दिलेल्या आदेशात निराधार वृद्ध, विधवा, दिव्यांग व एकट्या स्त्रिया यांना अंत्योदय योजनेत सामावून घेण्यास सांगितले होते. ‘इष्टांक भरला आहे’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. तरीही अर्ज लेखी द्यावा व पोच घ्यावी. जागा रिकामी झाली की ती लेखी अर्जाच्या आधारेच मागता येते.

वयोवृद्धांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, ही नित्याची तक्रार आहे. अशा वेळी मोबाईलवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाचा पर्याय आहे. दुकानापर्यंत जाऊ न शकणाऱ्यांना आपल्या वतीने धान्य उचलण्यासाठी व्यक्ती नामनिर्देशित करता येते. ठसा जुळला नाही एवढ्याच कारणाने धान्य नाकारता येत नाही.

अर्ज कसा करावा?

निराधार अनुदानाचा अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत, सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’ सेवा केंद्रात देता येतो. तालुका समितीच्या बैठकीत त्यावर निर्णय होतो. सर्वसाधारणपणे पुढील कागदपत्रे लागतात :

– आधारकार्ड व वयाचा पुरावा
– महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षे वास्तव्य असल्याचा दाखला
– उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील यादीतील नोंदीचा उतारा
– विधवांसाठी पतीच्या मृत्यूचा दाखला, घटस्फोटितांसाठी न्यायालयाचा आदेश
– दिव्यांगांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र
– आजारी व्यक्तींसाठी शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला
– आधारशी जोडलेले बँक खाते

आपल्या भाविकांनी एका बाबीकडे विशेष लक्ष द्यावे. बाप्तिस्म्याच्या नोंदीतील नाव, आधारकार्डावरील नाव आणि बँकेतील नाव यांत फरक असतो. कुठे पाळण्यातले नाव, कुठे संताचे नाव, कुठे आडनावाचे निराळेच शुद्धलेखन. अनुदान आता थेट आधारसंलग्न खात्यात जमा होत असल्याने एवढ्या फरकानेही पैसे अडकतात. म्हणून अर्जापूर्वीच सर्व ठिकाणचे नाव एकसारखे करून घ्यावे.

बँकेत शक्यतो किमान शिल्लक ठेवण्याची अट नसलेले मूलभूत बचत खाते उघडावे, अन्यथा अनुदानातूनच दंड कापला जाण्याची भीती असते. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकल्यास अनुदान थांबते आणि ते पुन्हा सुरू करण्यात महिने जातात.

उत्पन्नाची अट आणि पासष्टीचा उंबरठा

निराधार अनुदानासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा २१ हजार रुपये आहे. दिव्यांगांना तीत काही सवलत आहे. २१ हजार म्हणजे साऱ्या कुटुंबाचे महिन्याला १७५० रुपये, दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. महागाईने भाव वाढले, मजुरी वाढली, पण ही मर्यादा त्या प्रमाणात वाढली नाही. परिणामी खरोखर गरजू असलेली माणसे कागदावर ‘सधन’ ठरतात.

लाडक्या बहिणीसाठी हीच मर्यादा अडीच लाख रुपये आहे. दोन योजनांतील ही दरी पासष्टाव्या वर्षी उघडी पडते. ज्या स्त्रीला चौसष्टाव्या वर्षी १५०० रुपये मिळत होते, तिचा लाभ पासष्टी ओलांडताच बंद होतो आणि श्रावणबाळ योजनेचे दार उत्पन्नाच्या कठोर अटीमुळे तिला बंद असू शकते. वय वाढते, औषधे वाढतात आणि नेमका त्याच वेळी पैसा थांबतो. ही विसंगती लोकप्रतिनिधींच्या कानी घालणे हे आपणा सर्वांचे काम आहे.

खर्च हलका करणाऱ्या इतर सोयी

अनुदानात वाढ आपल्या हाती नाही. काही खर्च कमी करणे मात्र शक्य आहे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांत उपचार विनामूल्य होतात. सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार ऑक्टोबर २०२४ पासून खुले झाले. जनऔषधी केंद्रांत नित्याची औषधे पुष्कळ स्वस्त मिळतात. एसटी महामंडळाच्या गाड्यांत पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून विनामूल्य प्रवास व सर्व स्त्रियांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. ऐपत असूनही मुले सांभाळत नसतील, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. हा मार्ग कुणालाच सुखाचा वाटत नाही. परंतु उपाशी राहण्यापेक्षा तो बरा.

तक्रार कोठे करावी?

उत्पन्नाचा दाखला मुदतीत न मिळाल्यास महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अपील करता येते. अर्जाचे काय झाले हे कळत नसल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली विचारणा करावी. रेशनबाबतची तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे व त्यानंतर राज्य अन्न आयोगाकडे नेता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन दर महिन्याच्या सात तारखेपर्यंत देण्यास सांगितले होते. दोन-दोन महिने खाते रिकामे राहणे ही नशिबाची गोष्ट नव्हे, ती प्रशासनाची त्रुटी आहे. तिची दाद मागण्यात संकोच नसावा.

भीक नव्हे, हक्क

आमच्या पाहण्यात असे पुष्कळ वृद्ध येतात, जे ‘सरकारचे फुकट नको’ म्हणून अर्जच करीत नाहीत. त्यांचा स्वाभिमान आदरणीय आहे. तथापि ज्यांनी आयुष्यभर शेतात, वाडीत, मच्छीच्या पाटीखाली वा दुसऱ्याच्या घरी राबून समाज उभा केला, त्यांना उतारवयात समाजाने सांभाळणे हा उपकार नव्हे. संत पोप २३ वे जॉन यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेरिस’ या परिपत्रकात आजारपण, वैधव्य, वार्धक्य व बेकारी या काळात आधार मिळणे हा मानवी हक्कांतच गणला आहे.

धर्मग्रामातील संत विन्सेंट दी पॉल सोसायटी, महिला मंडळे व युवक यांनी महिन्यातून एक दिवस अर्ज भरून देण्यासाठी राखून ठेवला, वाचता न येणाऱ्यांची बँक पुस्तके तपासून दिली आणि हयातीच्या दाखल्याची तारीख त्यांच्या लक्षात आणून दिली, तर कित्येक घरांचे थांबलेले अनुदान सुरू होईल. धान्याची एक पिशवी आठवडाभर पुरते. नीट भरलेला एक अर्ज वर्षानुवर्षे पुरतो. दोन्हींची गरज आहे, आणि दोन्ही देणे आपल्या आवाक्यात आहे.