दहाचं नाणं खरं की खोटं?

'साधनचिकित्सा' हा शब्द तुम्ही परीक्षेसाठी पाठ केला असेल. ती करून बघायला अभिलेखागारच लागतं असं नाही, दहा रुपयांचं नाणं पुरतं.

होमी भाभांच्या जन्मशताब्दीला सरकारनं दहाचं नाणं काढलं. दोन धातूंचं, त्यावर भाभांचा चेहरा आणि 2008-2009. हिंगोली-वसमतकडे एखाद्या दुकानात ते देऊन बघा. "हे चालत नाही, रुपयाचं चिन्ह कुठंय?" असं ऐकायला मिळू शकतं.

दुकानदाराला हसू नका. माहितीतल्या नाण्याशी तो हे नाणं ताडून बघतोय, आपणही कागदपत्रांचं तेच करतो. फक्त काळाचा हिशेब त्याच्याकडून राहिलाय. रुपयाचं चिन्ह सरकारनं स्वीकारलं जुलै 2010 मध्ये, नाण्यांवर ते आलं 2011 पासून. मग त्याआधीच्या नाण्यावर ते असेल कसं? उलट असतं, तरच शंका घ्यायची! ही अफवा इतकी पसरली, की दहाच्या नाण्याचे 14 नमुने आहेत आणि सगळे वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेला जानेवारी 2018 मध्ये पत्रक काढून सांगावं लागलं.

आता आपण कुठं फसतो ते बघा. 2008 मधून शंभर वजा केले की 1908. पण भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 चा. शताब्दी वर्ष म्हणजे शंभरावं वर्ष, ते सुरू होतं नव्व्याण्णव पूर्ण झाल्यावर. स्मारकाच्या आकड्यावरून जन्मसाल काढायचं नाही.

आणखी एक. भारत-अमेरिका अणुकरारावर सह्या झाल्या 10 ऑक्टोबर 2008 ला, शताब्दी वर्ष सुरू व्हायच्या जेमतेम तीन आठवडे आधी. संबंध जोडायचा मोह होतो ना? फाईल हातात येईपर्यंत जोडू नका. तोवर तो फक्त प्रश्न आहे, पण चांगला प्रश्न आहे.

जिल्ह्यातच विषय शोधत असाल, तर 1954 मध्ये भाभा ज्याचे सचिव झाले तो अणुऊर्जा विभाग आज औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया उभारतोय. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी एप्रिल 2023 ची, खर्च 2,600 कोटी. त्याचे सातबारे, फेरफार, ग्रामसभेचे ठराव अजून कुणाच्या तरी कपाटात आहेत. ते आत्ताच बघून घ्या.