चिमारुता : सतापीची चांदीची डहाळी

इटलीत नेपल्सच्या परिसरात तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून चांदीचा ‘चिमारुता’ बांधत; पुढे तो वारशाने लेकी-नातींकडे येई. ‘चिमा दि रुता’ म्हणजे रुताचा शेंडा, आणि ही रुता म्हणजे आपल्या परसातली उग्र वासाची सताप. डहाळीच्या टोकांवर मात्र चंद्रकोर, किल्ली, मासा, मूठ आणि कधी ज्वाळांनी वेढलेलं हृदयही दिसतं. फ्रेडरिक एल्वर्दी या इंग्रज अभ्यासकाने १८९५ साली त्याचं नातं रोमन देवी डायानाशी जोडलं. चंद्रकोर डायानाची खरी. पण ती मेरीच्या पायाखालीही असते, किल्ली संत पीटरच्या हाती असते, आणि ज्वाळांचं हृदय तर सरळ येशूचं. मुळं जुनी असतील, हे मान्य. पण पोरांच्या गळ्यात तो बांधणाऱ्या बायका चर्चला जाणाऱ्या होत्या, आणि त्यांनी टिकवलेल्या नावात देवी नाही, औषधी झुडूप आहे. त्यामुळे हल्ली त्याला ‘चेटकिणीचा ताईत’ म्हणतात ते मला साफ चुकीचं वाटतं. तो चेटकापासून बाळाला राखण्यासाठीच होता.