आधी भाऊ, मग भाचा. बायकोची पाळी कधी?

स्थलांतरावर संशोधन करायचं ठरवलं असेल, तर मुलाखतीतला तुमचा पहिला प्रश्न बहुधा हाच असेल: "गाव कधी सोडलं?" मीही तेच विचारायचो. त्यातून वर्ष कळतं, पण कोणामागून कोण गेलं ते कळत नाही. सातारा-सांगलीच्या स्थलांतरात खरी गोष्ट या क्रमातच आहे.

आधी एक कामाची सूचना. जुन्या कागदांत 'सांगली जिल्हा' शोधत बसू नका. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्याआधीचे खानापूर, तासगाव, वाळवा हे तालुके साताऱ्याच्या दप्तरात सापडतील; सांगली शहर मात्र पटवर्धनांच्या संस्थानात.

आता मुंबईच्या गिरण्या बघा. भरती जॉबरच्या हातात होती आणि नव्या पोराला ओळख लागायची. ती ओळख म्हणजे आधी गेलेला भाऊ किंवा मामा. नवा आला की त्याच खोलीत पथारी, त्याच खानावळीत जेवण, आणि बदली मिळेपर्यंत खर्च नेणाऱ्याचा. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे साधारण सव्वापाचशेच स्त्रिया होत्या. 'बायकांना शहरात न्यायची रीत नव्हती' एवढं लिहून हा आकडा सोडून देऊ नका. पाच-सात पुरुषांच्या खोलीत बिऱ्हाड कसं करणार? गावची शेती कोण बघणार? संप झाला, नोकरी गेली तर परतायचं कुठं? बायको गावी राहिली म्हणून गाव टिकलं, आणि गावाच्या भरवशावर पुरुष शहरात टिकला. म्हणजे ती या स्थलांतराच्या बाहेर नव्हती. न जाताही त्याचा भार उचलत होती.

विट्याच्या परिसरातले गलाई बांधव ही याच भागातली दुसरी साखळी. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांतली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली. पोरगा नातेवाइकाच्या दुकानात काम शिकतो, पुढे स्वतःचं दुकान टाकतो आणि गावाकडून आणखी एकाला बोलावतो.

हाच हिशेब परदेशात कागदावर येतो. समजा, कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला एक जण अमेरिकेचा नागरिक झाला. त्यानं आई-वडिलांना बोलावलं, नंतर लग्न केलं. १९६५ च्या कायद्यानं नागरिकाच्या पती-पत्नीला आणि आई-वडिलांना वार्षिक संख्यामर्यादेतून वगळलं. भावंडांना मात्र वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं. म्हणजे बायकोला आणायला कायद्याची आडकाठी नाही. पण १९९७ पासून बोलावणाऱ्याला सरकारशी पोषणाचा बंधनकारक करार करावा लागतो. त्याचं उत्पन्न सर्वसाधारणपणे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी हवं, आणि ती रेषा कुटुंबातल्या डोक्यांवर ठरते. आई-वडिलांसाठी केलेला करार संपला नसेल, तर बायकोच्या अर्जात तेही मोजले जातात. उत्पन्न कमी पडलं तर दुसरा जामीन शोधायचा. आणि घटस्फोट झाला तरी बायकोसाठी घेतलेली जबाबदारी तेवढ्यानं संपत नाही.

इथं एक सावधगिरी. मुंबईतल्या भावाला 'प्रायोजक' म्हणू नका. सातारा आणि मुंबई यांच्यामध्ये ना सीमा होती ना व्हिसा; भावानं सरकारला काही लिहून दिलं नव्हतं. साम्य एवढंच, की आधी आणलेल्या माणसांचा भार पुढच्याच्या वाट्याला येतो. अमेरिकेत तो अर्जात मोजला जातो, गिरणगावात खोलीत मावणाऱ्या पथाऱ्यांनी मोजला जायचा.

म्हणून मुलाखतीला जाताना वहीत पाच रकाने आखा: कोण आलं, कोणी आणलं, नातं काय, सुरुवातीचा खर्च कोणी केला, झोपायची सोय कुठं झाली. मग विचारा, "बिऱ्हाड कधी केलं?" हा प्रश्न नवऱ्याला विचारा आणि बायकोलाही, पण वेगवेगळं बसवून. दोघांनी सांगितलेली वर्षं जुळली नाहीत तर घाईनं एक खोडू नका. तो म्हणतो खोली घेतली ते वर्ष, ती म्हणते दिरांची पथारी उचलली गेली ते वर्ष, असं असू शकतं. दोन्ही लिहून ठेवा. तुमचं प्रकरण त्या फरकातूनच उभं राहील.